बिनवासाचं इंधन

डिझेलला वास असतो, रंग असतो, वजन असतं. सांडलं तर डाग पडतो आणि हात कितीही धुतले तरी नखांच्या कडेला राहतं. मुरबाडच्या एका पेट्रोल पंपावर मी एकोणीस वर्षं काढली. सकाळी साडेसहाला उंच काचेच्या भांड्यात डिझेल घ्यायचं, त्यात तरंगकाटा सोडायचा, तापमान पाहायचं, तक्त्यावरून घनता काढायची आणि वहीत लिहायची. आठशे चोवीस पॉइंट तीन. ती वही बघायला वर्षातून एखाद्या वेळी कोणी यायचं. पण दशांशानंतरचा आकडा मी एकदाही अंदाजानं लिहिला नाही. माझ्या स्वभावाबद्दल एवढं सांगितलं तर पुरे.

मग वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला अशा इंधनाच्या राखणीला नेमलं, जे दिसत नाही, ज्याला वास नाही, आणि जे हातून निसटलं तर खाली न सांडता सरळ आभाळात जातं.

शहापूर ओलांडून नाशिककडे निघालं की महामार्गालगत आमचं आवार होतं. भिवंडीच्या गोदामांतून माल घेऊन कसारा घाट चढणाऱ्या चार ट्रकांची तिथं चाचणी चालू होती. ट्रक हायड्रोजनवर चालायचे. बाहेरच्या माणसाला समजावं म्हणून थोडक्यात सांगतो. पाण्यात वीज सोडली की त्याचे दोन वायू होतात. त्यातला हलका तो हायड्रोजन. वीज उन्हाची असली तर या कामात धूर कुठेच होत नाही. तो वायू दाबून लांबलचक नळकांड्यांत भरून आमच्याकडे यायचा आणि आम्ही तो ट्रकच्या टाक्यांत भरायचो. ट्रकमध्ये तो पेटत नाही. एका पेटीत हवेतल्या प्राणवायूशी त्याची पुन्हा गाठ पडते, त्यातून वीज होते, विजेवर चाकं फिरतात आणि मागच्या नळीतून पाणी गळतं.

एका किलो हायड्रोजनचं नऊ किलो पाणी. हा आकडा मला फार आवडायचा. बत्तीस किलो भरले की दोनशे अठ्ठ्याऐंशी लिटर पाणी, थोडं वाफ होऊन, थोडं थेंब होऊन, घाटभर विखुरणार. ट्रक निघून गेल्यावर मागे डांबरावर ओल्या ठिपक्यांची एक ओळ राहायची. ती फाटकापर्यंत जायची आणि उन्हानं फाटकाच्या बाजूनंच पुसत यायची. मी खुर्चीत बसून ती पुसली जाताना बघायचो. पंपावर असताना असा रिकामा बसल्याचं मला आठवत नाही.

आवार झाडायला हिराबाई होत्या, तानसाच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या. पहिल्या दिवशी ते पाणी बघून त्या म्हणाल्या, "आमच्या उशाशी धरन, आन् पानी समदं मुंबईला. ही गाडी तरी सांडते ते इथंच सांडते."

इथं सगळं हळू चालायचं. सकाळी तानसाकडून धुकं येऊन महामार्गावर बसायचं. डिझेलचा ट्रक धुक्यातून येतो तेव्हा आधी आवाज येतो, मग दिवे, मग ट्रक. आमचा ट्रक उलटा यायचा. आधी धुक्यात एक पांढरा आकार दाट व्हायचा, मग दिवे, आणि आवाज शेवटी; तोही दूर कुठं भाताची गिरणी चालल्यासारखा बारीक. नोझल लावलं, कडी बसली की सूं असा सूर सुरू व्हायचा. भरायला वीस-बावीस मिनिटं. वायू थंड करून सोडलेला, म्हणून नोझलवर भर उन्हाळ्यातही पांढरं हिव धरायचं. ड्रायव्हर त्यावर बोटानं नावं लिहायचे. त्या काळात मला एकच स्वप्न परत परत पडायचं. मी वजनकाट्यावर उभा आहे आणि काटा मागे येतोय. साठ, चाळीस, बारा. पाय काट्यावरून सुटतात, खाली शेणवे गावची शेतं आणि तानसाचं पाणी दिसतं, आणि मला भीती वाटत नाही. फक्त हातात वही नाही याची रुखरुख लागते.

चार ड्रायव्हरांत दशरथदादा सर्वांत जुने. सरळगावच्या पुढचे, माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, तीस वर्षं डिझेलच्या गाड्यांवर. माझ्या दशांशांवरून त्यांनी मला नाव ठेवलं होतं, पॉइंटभाऊ.

"किती भरला, पॉइंटभाऊ?"

"एकतीस पॉइंट सहा."

"तो पॉइंट सहा मला द्या कागदात बांधून. पोराबाळांना दाखवतो."

हा माणूस जोक मारायचा, पण ट्रकमधून उतरला की एक गोष्ट न चुकता करायचा. बाही नाकाशी न्यायचा आणि हुंगायचा. मला वाटलं, सवय असेल. दोन-तीन महिन्यांनी त्यांनीच सांगितलं.

त्यांच्या बायकोला, अनसूयावहिनींना, दमा. डिझेलच्या वासानं उबळ यायची. कपडे बदलले, अंघोळ केली तरी केसांत, कातडीत तो वास राहायचाच. म्हणून दशरथदादा घरी आले की पडवीतल्या बाजेवर झोपायचे. एक-दोन वर्षं नाही, चौदा वर्षं. दोघांत भांडण नव्हतं काही. ती दारातून ताट द्यायची, ते बाहेर जेवायचे. पाऊस तिरका आला तर बाज भिंतीला सरकवायचे.

"ह्या गाडीवर आलो त्याला आठवडा झाला," ते म्हणाले, "तवा ती दारात आली, वास घेतला, आन् बोलली, आत या. मी बोललो, कशाला? बोलली, झोपायला, आनखी कशाला? पॉइंटभाऊ, मला घरातला दिव्याचा खटका कुठं हाय तो आठवंना."

चाचणी दीड वर्षाची होती. नीट पार पडली तर ट्रक कायमचे राहणार होते, नाहीतर जाणार होते. कंपनीसाठी तो एक अहवाल होता. दशरथदादांसाठी ती आतली खोली होती. हे मला ठाऊक होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

आता केरसुणीबद्दल.

हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. लाकडाच्या जाळात जो पिवळा-तांबडा रंग दिसतो तो काजळीचा. इथं काजळीच नाही. जवळ जाईपर्यंत धगही फार लागत नाही. म्हणजे माणूस सरळ चालत जाळात जाऊ शकतो. त्यासाठी आमच्याकडे दोन राखणदार होते. एक छताखाली, साठलेला वायू ओळखणारा. दुसरा खांबावर, काचेच्या डोळ्याचा. ज्योतीचा न दिसणारा उजेड त्याला दिसायचा आणि तो भोंगा वाजवायचा. पण शिकवायला आलेल्या माणसानं तिसरी युक्तीही सांगितली. जुने कामगार म्हणे वाळक्या काड्यांचा झाडू समोर धरून चालायचे. टोक पेटलं की समजायचं, पुढे आग आहे.

मी लगेच यादीत लिहिलं: झाडू, वाळका, एक नग. हिराबाईंनी शहापूरच्या बाजारातून शिंदीची केरसुणी आणली. पण कशासाठी ते कळल्यावर त्या माझ्यावर उखडल्या.

"लक्ष्मीला आगीत घालनार? शिकलेली मानसं ना तुमी?"

मी म्हटलं, "ती आपल्याला वाचवण्यासाठीच आहे."

"मग तिला धड ठेवा. उभी नाय ठेवायची. पाय नाय लावायचा."

त्यांनी भिंतीत दोन खिळे मारून ती आडवी ठेवली. तिनं कधी झाडलं नाही. अकरा महिन्यांत तिचं टोक एकदाही पेटलं नाही.

मग दसरा आला. चाचणीला सुट्टी नव्हती, पण पूजा हवीच. मी तीन दिवस आधी सूचना लावली: आवारात उदबत्ती नाही, कापूर नाही, निरांजन नाही, नारळ फाटकाबाहेर फुटेल. दशरथदादा म्हणाले, "देवाला टॉर्च दाखवायची काय?" मी सांगितलं, टॉर्चसुद्धा ठिणगी न पडणारी, मी दिलेलीच दाखवायची. सगळे हसले. मला स्वतःच्या काटेकोरपणाचा त्या दिवशी फार अभिमान वाटत होता.

आमच्याकडे रीत अशी, की पूजेला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. त्यालाही विश्रांती. म्हणून मी रोज लागणारं काहीच मांडू दिलं नाही. नट आवळायचे जादा पाने, जुना दाबमापक एवढंच ऑफिसातल्या पाटावर. हिराबाई केरसुणी घेऊन आल्या. मी विचार केला: अकरा महिन्यांत शून्य वेळा लागली. मांडा म्हटलं. त्यांनी तिला हळद-कुंकू लावलं.

हार माझ्या बायकोनं, सुनंदानं केले होते. घरच्या बांधावरचे झेंडू, आंब्याची पानं. कुठं कुठं बांधायचे त्या जागा मी आधी मोजल्या होत्या. चार ट्रक, दोन पंप, कॉम्प्रेसर, नळकांड्यांचा सांगाडा, ऑफिसचं दार, फाटक. दहा. सुनंदानं अकरा दिले. उरलेला हार परत नेणं बरं दिसेना. मी शिडी घेतली आणि तो खांबावरच्या राखणदाराला बांधला. एवढे महिने जागा राहिला बिचारा, असं काहीतरी मनात आलं. झेंडू चांगला टपोरा होता. काचेच्या डोळ्यावर बरोबर तीन फुलं आली. मी खाली उतरून दुरून पाहिलं आणि मला ते छान दिसलं.

साडेनऊला दशरथदादांचा ट्रक आला. ऊन लख्ख होतं. मी नोझल लावलं, ऑफिसशेजारच्या केबिनमध्ये जाऊन आकड्यांसमोर बसलो. दादा गप्पा मारत फाटकाशी उभे. सूं सूर चालू होता. अठरा मिनिटांनी मला दिसलं, की ट्रकमध्ये जातंय त्याहून साठ्याचा दाब थोडा जास्त वेगानं उतरतोय. थोडासाच. मी कागद ओढला आणि वजाबाकी मांडली.

बाहेर हिराबाई ऑफिसच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी नंतर सांगितलं ते असं: पंपाच्या डाव्या अंगाला जो हार होता त्यातलं एक फूल आपोआप मिटलं. मग काळं झालं. मग त्याच्या शेजारचं. कुणी हात लावत नव्हतं, वारा नव्हता, जाळ नव्हता, धूरही जेमतेम. उन्हात टांगलेल्या ताज्या फुलांची एकामागून एक राख होत होती. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, डोला लागला माझा. सपान बघते मी." आणि दशरथदादा नोझल काढायला त्याच बाजूनं चालत येत होते.

"दादा, थांब रे!" ही हाक मी ऐकली. वर पाहिलं तर हिराबाई ऑफिसात घुसून पाटावरची केरसुणी उचलून धावत होत्या. दादा थबकले ते त्यांना बघून. हिराबाईंनी हात लांब करून केरसुणी त्यांच्यापुढे धरली आणि हवेत, जिथं काही नव्हतं तिथं, तिचं टोक भडकलं. दादांच्या छातीपासून ते दोन हातही लांब नव्हतं.

मी लाल बटण दाबलं. झडपा बंद झाल्या. सूर तुटला. एवढी शांतता मी त्या आवारातही कधी ऐकली नव्हती. भोंगा वाजलाच नाही. छताखालचा राखणदार गप्प, कारण जळणारा वायू त्याच्यापर्यंत पोचतच नाही. खांबावरचा गप्प, कारण त्याच्या डोळ्यावर माझा अकरावा हार.

केरसुणी हिराबाईंच्या हातात जळत होती. त्यांनी ती दूर फरशीवर टाकली आणि विझवायला पायानं तुडवली. चार-पाच वेळा. मग काय केलं ते उमजून मटकन खाली बसल्या, ते जळकं बुडखं उचलून कपाळाला लावलं आणि रडायला लागल्या. दशरथदादा तिथंच उभे होते. त्यांनी नकळत बाही नाकाशी नेली.

दुपारी पुण्याहून गोरे मॅडमचा फोन आला. त्या चाचणीच्या प्रमुख. पंपाचा एक जोड सैल झाला होता, ते त्यांना समजलं होतं. "पण खांबावरचा डिटेक्टर का बोलला नाही?" त्यांनी विचारलं. "संध्याकाळपर्यंत लेखी पाठवा."

मी कागद घेतला. दोघं समोर होते.

"पॉइंटभाऊ," दशरथदादा म्हणाले, "धूळ बसली होती म्हना काचेवर. आख्ख्या महामार्गावर धूळ हाय. काय खोटं हाय त्यात?"

"सव्वासातला मीच पुसली होती काच. वहीत नोंद आहे."

"एक दिवस वही नका बघू."

हिराबाई म्हणाल्या, "माझं नाव घाला. मी बांधला म्हना हार. झाडू मारायला मला कुठंबी मिळंल."

"हार मी बांधला, हिराबाई."

"आवो, मला ठावं हाय कोनी बांधला! नाव घाला म्हनते मी."

दादा माझ्याकडे वळले. आवाज न चढवता म्हणाले, "आज मला हिराबाईनं जाळातून वाचवलं ते खरं. पन लिवलं तर गाडी जाईल. तुमच्या एका हारापायी मी परत पडवीत. लिवा. पॉइंटसकट लिवा."

मी लिहिलं. हार कोणी बांधला, किती वाजता, काचेवर किती फुलं होती. केरसुणी पूजेत का होती, तेही. लिहिताना मी एकदाही अडलो नाही, आणि याचंच मला नंतर वाईट वाटत राहिलं.

आवार बंद झालं. त्रेपन्न दिवस. मला आधी घरी बसवलं, मग सांगितलं की आवारात तुमची गरज नाही. मी मुरबाडच्या पंपावर परत गेलो. जुन्या मालकानं तरंगकाटा हातात दिला. दशरथदादा एका खडीच्या डंपरवर लागले. डिझेलचा. माझ्याच पंपावर एकदा आले. मी नळी लावली. ते काचेतून समोर बघत होते. "किती भरला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "साठ." पॉइंट शून्य शून्य होतं, पण ते बोलवेना. ती दिवाळी त्यांनी पडवीत काढली.

मग आवार पुन्हा सुरू झालं. ट्रक परतले, दादाही. गोरे मॅडमनी मला फोनवर सांगितलं, की डिटेक्टरनं विनाकारण दगा दिला असं निघालं असतं तर चाचणी कायमची बंद झाली असती. फुलांचं कारण लेखी होतं म्हणून ती वाचली. हे खरं असेल, किंवा माझ्या समाधानासाठी असेल. ताळा करायला माझ्याकडे आकडे नाहीत. नियमावलीत मात्र एक कलम वाढलंय: कोणत्याही उपकरणावर हार, तोरण, आंब्याची डहाळी बांधू नये. आणि झाडू, वाळके, दोन नग, एक पूजेसाठी. हिराबाईंनी दोन्ही केरसुण्या आडव्या ठेवल्यात, असं ऐकतो.

पौषात एका दुपारी मी सरळगावच्या पुढे दशरथदादांच्या घरी गेलो. पंपावरून तसाच. भात निघालेली शेतं, उतरतं ऊन, रस्त्यावर कुणी नाही. त्यांचं अंगण सारवलेलं होतं. पडवीत ती बाज होती आणि तिच्यावर वाल वाळत घातले होते, या कडेपासून त्या कडेपर्यंत. झोपायला जागा नव्हती. मी ते वाल बघत उभा राहिलो.

अनसूयावहिनी दारात आल्या. मी नाव सांगितलं. त्या हसल्या, "या की भावजी, आत या," म्हणाल्या, आणि मी उंबऱ्याशी गेलो तशी त्यांना उबळ आली. पदर तोंडाशी धरून त्या दोन पावलं मागे सरल्या. लाजल्या.

"रागवू नका हा भावजी," श्वास धरत त्या म्हणाल्या, "तुमच्या कापडांना वास येतो."

मी मागे झालो. त्या दाराआडून बाहेर आल्या, बाजेवरचे वाल हातानं एका कडेला सारले आणि मला जागा केली. चहा दारातून दिला. मी पडवीत बसून प्यालो. आतून, पहिल्या खोलीच्याही आतून, घाट उतरून आलेल्या माणसाचं संथ घोरणं ऐकू येत होतं. त्यांना उठवू नका म्हणून मी सांगितलं, आणि चहा संपल्यावरही थोडा वेळ तिथंच बसून राहिलो.